डब्याचा कान

हे मी सांगायचं नव्हतं.

आण्णांनी गुऱ्हाळाच्या पेटत्या चुलवाणासमोर उभं करून माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी दिवाळीच्या सुट्टीत मोडलं. एकदाच, आणि एकाच माणसापाशी. कसं मोडलं तेवढं लिहिते. काहिलीभर रसाच्या एका आधणाला दोन-अडीच तास लागतात, आणि डब्याचा टोल पडायला अजून वेळ आहे.

“यातला कुठला रंग बरा वाटतो, आण्णा? हिरवा, निळा की केशरी?”

विचारणारा श्रेयस बावडेकर. पुण्याच्या एका कंपनीत तो यंत्रांच्या स्क्रीन तयार करतो. म्हणजे यंत्राच्या काचेवर काय दिसावं, कुठे दिसावं, कुठलं बटण दाबल्यावर पुढे काय यावं, ते ठरवतो. लिफ्टची, कपडे धुण्याच्या यंत्राची, दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपाची स्क्रीन त्याने केली होती. पंपाच्या स्क्रीनला बक्षीस मिळालं होतं. हे त्याने आल्या आल्या सांगितलं, आणि दुपारी जेवताना परत सांगितलं.

आता त्याने गुऱ्हाळासाठी डबा केला होता. काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसात एक सळई बुडवायची. तिच्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला, खांबावर, तो डबा. रस किती तापला, किती वेळ झाला, काहील चुलवाणावरून कधी उतरवायची, सगळं काचेवर.

ज्यांना विचारलं ते आण्णा. केरबा चौगले, आमच्या गावचे गुळवे. ते माझ्या आईचे वडील. पण सगळं गाव त्यांना आण्णा म्हणतं, म्हणून मीही. काहील कधी उतरवायची हे गुळव्या ठरवतो. मिनिटभर लवकर उतरवली तर गूळ बसत नाही, चिकट राहतो. मिनिटभर उशीर झाला तर करपतो. एकतीस हंगाम आण्णांनी ते मिनिट चुकवलं नव्हतं.

आण्णांनी काचेकडे तोंड केलं.

मग वळले, आणि डब्याकडे पाठ करून उभे राहिले.

“आण्णा?”

“परत करा, सायेब.”

श्रेयसदादा त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मग काहिलीकडे, मग स्वतःच्या डब्याकडे. खिशातून वही काढून त्याने काहीतरी लिहिलं. मी मागून वाचलं. ‘गुळव्याची नजर काहिलीवर. स्क्रीनकडे नेहमी पाठ.’ त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मला घाम फुटला. चुलवाणाच्या धगीचा नव्हे.

आण्णांना दिसत नव्हतं.

ऊन आणि सावली कळायची. समोर माणूस आहे हे कळायचं, कोण ते आवाजावरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गेल्या हंगामापासून. चरक ते काहील सात पावलं आणि काहील ते रस ओतायचा वाफा अकरा, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. उकळीचा आवाज कानाला कळायचा, वास नाकाला. पळीभर रस गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळून बघतात, ती बोटांना कळायची. राहिला रंग.

रंग मी सांगायचे.

“कसा?” ते ओठ न हलवता विचारायचे.

“पिकल्या पेरूच्या सालीसारखा,” मी म्हणायचे. किंवा, “ओल्या हळकुंडासारखा.” नुसतं पिवळा म्हटलेलं त्यांना चालत नसे. पिवळा काय, शाळेची भिंतपण पिवळी हाय, म्हणायचे.

ऑपरेशन करायचं तर डोळ्याला पट्टी, आणि पट्टी म्हणजे गावभर. शेजारच्या गावात एका गुळव्याचा हात कापायला लागला, तेव्हा त्याला शाल-नारळ देऊन घरी बसवलं होतं. तो अजून आहे. पारावर बसतो, आणि गुळाचा टेंपो गेला की वळणापर्यंत त्याच्याकडे बघत राहतो.

“डोळं गेलं म्हणतील, आन् काहील जाईल,” आण्णा मला म्हणाले होते. “कुणाला सांगायचं न्हाई. आईला सुदिक.”

दुसऱ्या दिवशी श्रेयसदादाने काचेवरचं सगळं बदललं. चिंचेखाली बसून सकाळभर लॅपटॉपवर काम करत होता. आता आलेख मोठा होता, आकडा मधोमध होता, आणि रंग काहिलीजवळून मान वळवली तरी दिसेल असा भडक होता.

रस आटत आला तशी उकळी उडायला लागली. एक थेंब काचेवर पडला. काचेला वाटलं, बोट लागलं. आलेख गेला आणि तिथे एक चौकोन आला.

“काय म्हंतोय?” आण्णांनी मला विचारलं.

मी वाचलं. “‘तुम्हाला खात्री आहे का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’.”

“कशाची?”

“ते लिहिलं नाही.”

“त्याला म्हणावं, तुझी तुला हाय का?”

चुलवाणात चिपाडं टाकणारी माणसं हसली. श्रेयसदादाचे कान लाल झाले. तो रुमालाने काच पुसायला गेला, तर काच आणखी दोन पानं पुढे गेली.

आण्णा सावकाश आले आणि त्यांनी हात पुढे केला. ते डबा चाचपत होते, हे मला एकटीला ठाऊक. तळव्याला काकवी लागलेली होती. तळवा काचेच्या मधोमध टेकला. उचलला, तेव्हा काचेवर पाच बोटांचा चिकट पंजा उमटला होता.

“आता दिसतंय का काय?” त्यांनी विचारलं.

“नाही,” श्रेयसदादा म्हणाला.

“मलाबी न्हाई.”

श्रेयसदादा त्या पंजाकडे बघत राहिला. मग मोबाइल काढून त्याने त्याचा फोटो घेतला.

संध्याकाळी तो मला म्हणाला, “तनू, तुझे आजोबा फार मोठे आहेत. आमच्याकडे लोक दिवसदिवस बोलतात आणि एवढं सांगत नाहीत.”

मी मान हलवली. माझी मान अशा वेळी आपोआप हलते.

घरी जाताना आण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता. लोकांना वाटतं, नातीचं कौतुक म्हणून.

“आण्णा, तो तुम्हाला महाराज समजायला लागलाय.”

“समजू दे की. दाढी वाढवू का?”

“पण हे खोटं नाही का?”

“मी खोटं काय बोललो, तू सांग.”

मी आठवून बघितलं. एकही शब्द खोटा नव्हता. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी काचेला बोट लावायचं काम उरलं नाही. श्रेयसदादाने डब्याला एक गोल कळ बसवली, रेडिओला असते तशी. आण्णांनी ती बोटांनी चाचपली, फिरवली. कळ लोण्यासारखी फिरली.

“कुठं आलो, ते कसं कळायचं?”

“काचेवर दिसेल ना, आण्णा.”

“परत करा.”

श्रेयसदादाने तेही वहीत लिहून घेतलं. चौथ्या दिवशी दुपारी तो खुशीत आला.

“उद्या मालक येणार आहेत, तनू. मी त्यांना सांगितलंय, आण्णा स्वतः डबा चालवतील. फार काही नाही. काचेवरचा आकडा मोठ्याने वाचायचा आणि काहील उतरवायला सांगायची. आण्णांनी वाचला म्हणजे झालं. मालक माझं ऐकणार नाहीत, आण्णांचं ऐकतील.”

मालक म्हणजे बाळासो इंगवले. गुऱ्हाळ त्यांचं.

मी वर्गात हात वर करत नाही. उत्तर येत असलं तरी करत नाही. बाई कधीकधी माझ्याकडे बघून थांबतात, आणि मी वहीत बघते. त्या दुपारीही मी खाली बघत होते. चिंचेची सुकलेली पानं होती. त्यांच्याकडे बघत मी म्हणाले,

“आण्णा वाचू शकणार नाहीत.”

“आकडे तरी येत असतील ना?”

“चौथीपर्यंत शिकलेत. पेपर वाचायचे.”

“मग?”

…

“दिसत नाही.”

श्रेयसदादाला ते कळायला वेळ लागला. त्याने वही उघडली. पहिलं पान, दुसरं, तिसरं.

“डब्याकडे पाठ केली होती, ती…”

“उकळीचा आवाज बदलला म्हणून वळले.”

“आणि ‘मलाबी न्हाई’ म्हणाले…”

“खरंच नाही.”

त्याने वही मिटली. मला वाटलं, हसेल. किंवा बॅग उचलून निघून जाईल. तो उठला आणि सरळ काहिलीकडे गेला. मी त्याच्यामागे धावले, आणि खांबाआड थांबले.

“आण्णा, तुम्हाला दिसत नाही.”

आण्णांच्या हातातली पळी थांबली. त्यांनी तोंड वळवलं, नेमकं माझ्या दिशेने. मी मान खाली घातली. घातली नसती तरी त्यांना कळणार नव्हतं, तरी घातली.

“चार दिवस मी तुम्हाला रंग दाखवतोय,” श्रेयसदादाचा आवाज फाटला होता. “चार दिवस. एकदा तरी सांगायचं.”

“तुमी रंग इचारला, सायेब,” आण्णा म्हणाले. “दिसतंय का, ते कुठं इचारलं?”

काहिलीत रस उकळत होता. इंजिनाच्या आवाजात बाकी माणसांना काही ऐकू गेलं नाही.

श्रेयसदादाने डब्याकडे बघितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “त्या पंपापाशी रात्रपाळीच्या नर्स उभ्या असतात. त्यांनाही मी रंगच विचारला होता.”

आण्णांनी पळी पाण्यात ठेवली.

श्रेयसदादाने खिशातून रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि स्वतःचे डोळे बांधले. माणसं काम सोडून बघायला लागली.

“मला डब्यापाशी उभं करा, आण्णा.”

आण्णांनी त्याचं मनगट धरलं. ज्याला दिसत नाही असा एक माणूस डोळे बांधलेल्या दुसऱ्याला घेऊन काहिलीला वळसा घालून निघाला, आणि दोघांपैकी आण्णाच नीट चालत होते.

श्रेयसदादाने कळ फिरवली. थांबला. उलटी फिरवली. डबा कुठल्या पानावर आहे, ते त्याला कळेना. काचेवर बोट लावून बघितलं. मग दोन्ही हात खाली सोडले.

“मला माझाच डबा चालवता येत नाही.”

“कान द्या,” आण्णा म्हणाले. “डब्याला न्हवं. तिकडं.”

तो उभा राहिला. चरकाच्या इंजिनाचा आवाज मोठा होता. पण इंजिन रोजचं असतं. थोड्या वेळाने ते ऐकू यायचं बंद होतं आणि मग बाकीचं ऐकू येतं.

“मघाशी खळखळ होती,” तो हळूच म्हणाला. “आता जड झालीय. फदफद… फदफद…”

“हां.”

“ही कधीपासून अशी बोलते?”

“चार दिस तुमच्या म्होरंच बोलतीया, लेका.”

पहिल्यांदा आण्णा त्याला सायेब म्हणाले नाहीत.

त्याने रुमाल सोडला आणि मोटरसायकल घेऊन कोल्हापूरला गेला. तिन्हीसांजेपर्यंत परत आला नाही.

आण्णा मला काही बोलले नाहीत. घरी जाताना हात मात्र खांद्यावर होता. मीच म्हणाले, “मी वचन मोडलं.”

“मोडलंस.”

“रागावलाय?”

“खड्डा हाय का म्होरं?”

“हो. डावीकडून चला.”

ते डावीकडून चालले. एवढंच झालं.

पाचव्या दिवशी सकाळी डब्याची कळ बदललेली होती. फिरवली की प्रत्येक पायरीला टक् व्हायचं, बोटाला कळेल इतकं जोरात. मधल्या पायरीवर उंचवटा होता. काचेवर एकच आकडा होता, तळहाताएवढा. डब्याच्या डोक्यावर पितळी घंटा आणि तिला मारायला छोटी हातोडी बसवली होती.

“शिट्टी इंजिनात बुडते,” श्रेयसदादा म्हणाला. “पितळ बुडत नाही.”

आण्णांनी घंटेवर नखाने वाजवून बघितलं. “हां,” म्हणाले. “ह्यो बोलंल.”

इंगवले मालक अकराला आले. त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. कपडे पांढरेशुभ्र, त्यामुळे ते चुलवाणापासून लांबच बसले.

“काय आण्णा, डबा वाचता का न्हाई?”

“वाचायचं कामच ठेवलं नाही, मालक,” श्रेयसदादा मध्येच म्हणाला. “वेळ झाली की टोल पडेल.”

आधण आटत आलं. आकडा चढत होता. मी आण्णांच्या डाव्या बाजूला उभी होते, रोजच्या जागी.

टण्.

काहील उतरवायला सहा माणसं पुढे झाली.

“थांबा,” आण्णा म्हणाले.

माणसं जागच्या जागी थांबली.

“टोल पडला की, आण्णा,” मालक म्हणाले.

“पडू द्या.”

टण्.

“अवो, करपंल.”

टण्.

सगळे श्रेयसदादाकडे बघायला लागले. त्याने काचेकडे बघितलं. आकडा बरोबर होता. चार दिवसांत जेवढी आधणं निघाली, त्या सगळ्यांवरून त्याने तो ठरवला होता. एक शब्द बोलला असता, तर मालकांनी त्याचंच ऐकलं असतं. डबा त्यांच्याच सांगण्यावरून आला होता.

तो डब्यापाशी गेला आणि त्याने कळ डावीकडे शेवटच्या पायरीपर्यंत फिरवली.

टोल बंद झाला.

“हे काय केलंत?” मालकांनी विचारलं.

“आण्णा थांबा म्हणालेत.”

“कसा?” आण्णांनी विचारलं.

ओठ हलवून. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू गेलं.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी माणसं होती.

“तने, कसा?”

“ओल्या… ओल्या हळकुंडासारखा. अजून तसाच.”

फदफद… फदफद…

“आता?”

“कडेला बदलतोय. मध्ये नाही.”

“बघत ऱ्हा.”

मी बघत राहिले. इतकं नीट मी कधीच काही बघितलं नव्हतं. मग मधला रंगही वळला.

“आता भाजलेल्या शेंगदाण्यासारखा. साल काढलेल्या.”

आण्णांनी बोटांतली गोळी एकदा दाबली.

“उतरवा.”

काहील वाफ्यात रिकामी झाली. माणसं लाकडी फावड्यांनी रस घोटायला लागली. मालक पांढऱ्या कपड्यांनिशी काहिलीपर्यंत चालत आले.

“पोरीला का इचारता रंग?”

“मला दिसत न्हाई म्हणून, मालक.”

ज्यासाठी माझ्याकडून वचन घेतलं होतं, ते आण्णांनी अशा आवाजात सांगितलं, की जणू इंजिनातलं तेल संपलंय.

मालक परत खुर्चीत जाऊन बसले. गूळ साच्यात भरला, गार झाला, तोवर ते बसून होते. श्रेयसदादा जमिनीवर बसला होता, गुडघे जवळ घेऊन. मी आण्णांच्या मागे उभी होते. मला पारावरचा तो गुळव्या दिसत होता.

साचा उलटा केला. फडकं सोडवलं. आण्णांनी ढेपेवर बोटाची गाठ वाजवली. आवाज कोरडा आला.

मालकांनी एक खडा फोडून तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले.

“नदीकाठचा ऊस हुता,” आण्णा म्हणाले. “रान खारट. त्याला वाईच जादा आटवाय लागतं. चरकातनं रस आला तवाच चवीनं कळलं. आता डब्याला कोण सांगणार?”

“मी त्याला नुसतं बोलायला शिकवलं,” श्रेयसदादा म्हणाला.

“बोलतोय ब्येस.” आण्णांनी घंटेवर परत एकदा नख वाजवलं. “कान कुठं हाय त्याला?”

“कवापास्नं दिसत न्हाई?” मालकांनी विचारलं.

“गेल्या हंगामापास्नं.”

“म्हंजे माझ्या लेकीच्या लग्नात वाटला तो गूळ…”

“त्योच.”

मालकांनी दुसरा खडा तोंडात टाकला. तो संपेपर्यंत आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

“डोळं करून घ्या,” ते शेवटी म्हणाले. “काहील कुठं जात न्हाई.”

“महिनाभर धुरात येऊ द्यायचे न्हाईत डाक्टर. तवर कोण?”

“डबा हाय की.”

आण्णांनी मान हलवली. त्यांचा हात हवेत फिरला, माझी वेणी सापडेपर्यंत.

“डबा हाय,” म्हणाले. “आन् त्याचा कान हितं हाय.”

श्रेयसदादा त्यानंतर दोनदा येऊन गेला. आता कळ एक पायरी डावीकडे फिरवली की डबा थांबतो. किती थांबलो, आणि मी कळीने सांगते ते उसाचं रान कुठलं, हे लक्षात ठेवतो, आणि त्या रानातला ऊस पुन्हा आला की टोल उशिरा देतो. काचेवर आकड्याखाली एकच शब्द आहे, ‘थांब’. त्या शब्दाला रंग कुठला द्यावा, हे त्याने मला विचारलं. त्याआधी त्याने विचारलं, “इथून दिसतंय का?”

पंपाच्या बक्षिसाचा विषय त्याने परत कधी काढला नाही. मीच एकदा विचारलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन रात्रपाळीला नुसता बसणार आहे.

आण्णांचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. ते चिंचेखाली बाजेवर बसतात, काळा चष्मा लावून. तिथून काहील पंचवीस पावलं. त्याहून जवळ यायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी लांबून डबा निरखून बघितला आणि म्हणाले, “एवढासाच हाय व्हय?” बाकी त्याविषयी काही बोलले नाहीत. माझ्याकडे मात्र खूप वेळ बघत होते. मी उंच झालेय म्हणाले.

काहील उतरवायला माझे मामा आणि माणसं असतात. मी रविवारी आणि सुट्टीला डब्यापाशी बसते, रंग बघते आणि कळ फिरवते. आज रविवार आहे. हे मी खांबाला टेकून लिहितेय. आकडा हळूहळू चढतोय. टोल पडायला बरीच मिनिटं आहेत.

परवा श्रेयसदादाने फोनवर विचारलं, “तनू, डब्यात आता काय कमी आहे?” मला तेव्हा सुचलं नाही. पण आता इथे बसून वाटतं, त्याच्यात अजून एक गोष्ट राहिली आहे, आणि ती म्हणजे

“तने, वही ठेव,” चिंचेखालून आण्णा. “उकळी बदलली.”